थोडी खरखर राहू द्या

आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी चहा किती लागतो, याचा हिशेब आमच्या सौभाग्यवतींनी गेल्या गणपतीत मांडून दाखवला. वर्षाचे बावन्न शनिवार, दर शनिवारी पाच माणसे, माणशी दोन कप. म्हणजे ५२० कप झाले. "एवढ्या चहात एक मुंज पार पडली असती," असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, "मुंज एकदाच होते, गाणे दर शनिवारी असते." या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही, पण चहा मात्र चालू राहिला. संसारात एवढा विजय पुष्कळ झाला.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमची ही शनिवारची बैठक परिचयाची आहे. नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. कसबा बावड्यात आमचे जुने घर आहे. पुढे सोपा, मागे परडे, आणि परड्यापलीकडे पूर्वी ऊस होता, तिथे आता इमारती आहेत. या सोप्यात आम्ही जमतो. एक गृहस्थ साखर कारखान्यात चिटबॉय म्हणून लागले आणि त्याच नोकरीत पिकले. उसाच्या फडातून हिंडताना सायकलच्या दांडीला रेडिओ अडकवून त्यांनी गाणे ऐकले. दुसरे रेडिओ दुरुस्त करणारे मिस्त्री. तिसरे वकील. चौथ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या गाण्याच्या बाई. पाचवा मी, बँकेत बसून आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशांच्या बेरजा केलेला. आम्हा पाचांना व्यसन एकच, जुने गाणे. त्यातही नव्याने बाहेर आलेले जुने गाणे म्हणजे फारच कडक.

हा प्रकार काय आहे ते सांगायला हवे. गायक जाऊन तीस-चाळीस वर्षे होतात. त्याच्या साऱ्या तबकड्या आपल्याला पाठ झालेल्या असतात. मग एके दिवशी कळते की आकाशवाणीच्या संग्रहातून त्याचा एक राग बाहेर आला आहे. किंवा कुणाच्या कपाटातून खासगी बैठकीची फीत निघाली आहे. किंवा एकच चीज त्याने दोनदा मुद्रित केली होती आणि कंपनीने बाजूला टाकलेली तबकडी कुणा संग्राहकाला सापडली आहे. झाले! पुढचे चार शनिवार आम्हाला दुसरा विषय नको. तबकडीच्या मध्यभागी कोरलेला क्रमांक भिंगातून वाचायचा, त्यावरून आधीची कोणती आणि नंतरची कोणती हे ठरवायचे, आणि कंपनीने चांगली टाकून वाईट ठेवली असा निकाल द्यायचा. हा निकाल बहुधा एकमताने होतो. कंपनीच्या बाजूने बोलायला सोप्यात कुणीच नसते.

भांडणेही होतात. जुनी तबकडी नेमक्या ७८ फेऱ्यांनीच मुद्रित होई असे नाही. वेग सुमारे सहा टक्क्यांनी चुकला की गायकाचा सूर शेजारच्या पट्टीवर जाऊन बसतो. मग गायक काळी एकमध्ये गात होता की पांढरी दोनमध्ये, यावर वकील आणि मिस्त्री असे भांडतात की, त्या गायकाने वर कान झाकून घ्यावेत.

माझा नातू इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. तो कानात बोंडे घालून इंग्रजी गाणी ऐकतो, म्हणून आम्ही त्याला बरीच वर्षे परका समजत होतो. एकदा तोच म्हणाला, "आजोबा, तिकडेही हेच चालते. बॉब डिलनने १९६७ साली मित्रांच्या घरातल्या तळघरात बसून गाणी टिपली. ती बाहेर फुटली. १९६९ साली चोरट्या तबकड्या निघाल्या. १९७५ साली कंपनीने त्यातली काही छापली, आणि २०१४ साली सगळी मिळून सहा तबकड्या काढल्या. आता लोक कोणते टाकलेले गाणे जास्त चांगले यावर वाद घालतात."

चिटबॉय चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "म्हंजे तिकडं बी आपलीच माणसं हाईत की!"

त्या दिवसापासून नातवाला बैठकीत जागा मिळाली. आणि सौभाग्यवतींच्या हिशेबात आणखी दोन कप वाढले.

आता आमच्या या व्यसनाला कोल्हापुरात एक जुनी जखम आहे, तीही सांगून टाकतो. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर लक्ष्मी-विलास आहे. २६ जून १८७४ रोजी शाहू महाराजांचा जन्म झाला, तीच ही जागा. या महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापूर दरबारी आणले. तरुणपणी खाँसाहेबांचा आवाज बसला. बसलेल्या आवाजाला झेपेल, नव्हे शोभेल, अशी पेचदार गायकी त्यांनी घडवली, आणि तिचेच पुढे घराणे झाले. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. खाँसाहेब मुंबईस गेले आणि १६ मार्च १९४६ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. ध्वनिमुद्रण आपल्या देशात १९०२ सालीच आले होते. म्हणजे चव्वेचाळीस वर्षे यंत्र आणि खाँसाहेब एकाच देशात नांदत होते. तरी त्यांच्या आवाजाची एकही तबकडी नाही. त्यांचे चरित्र आपल्या गोविंदराव टेंब्यांनी लिहिले. म्हणजे खाँसाहेब वाचता येतात, पण ऐकता येत नाहीत.

मग त्यांचे गाणे कुठे राहिले? तर गळ्यात राहिले. मुलगे मंजी खाँ आणि भूर्जी खाँ, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, आणि त्यांच्यापुढचे मल्लिकार्जुन मन्सूर, निवृत्तीबुवा सरनाईक, धोंडूताई कुलकर्णी, किशोरी आमोणकर. एका कंठातून दुसऱ्या कंठात, देवघरातला दिवा दिव्याने लावावा तसे.

केसरबाईंची गोष्ट तर फारच विलक्षण. आपले गाणे लोकांपुढे कोणत्या रूपात जावे याबद्दल त्या अतिशय काटेकोर होत्या. ध्वनिमुद्रिका मोजक्याच दिल्या, आणि त्याही तीन-साडेतीन मिनिटांच्या. अर्धा-पाऊण तास फुलणारा ख्याल साडेतीन मिनिटांत बसवायचा म्हणजे गाईचे सारे दूध चमच्यात काढण्यासारखे आहे. पण १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली, तेव्हा त्यांत साऱ्या पृथ्वीचे संगीत म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली एक-एक तबकडी ठेवली. त्या तबकडीत हिंदुस्थानी गाणे एकच आहे, केसरबाईंची भैरवी. दुसरे यान ५ सप्टेंबरला उडाले आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. २०१२ साली ते यान सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून पलीकडे गेले. ज्या बाई आपल्या आवाजाला इतके जपत, त्यांचा आवाज आज माणसाने केलेल्या कुठल्याही वस्तूपेक्षा लांब आहे! चिटबॉयना हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा ते बराच वेळ वर आढ्याकडे बघत बसले होते.

इतके सारे सांगितले ते आमच्या स्वतःच्या फितीविषयी सांगण्यासाठी.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा आम्ही खालच्या वस्तू माळ्यावर चढवू लागलो. माळ्यावर जागा करताना बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा हाती आला. आत सात इंची रीळ, त्यावर तपकिरी फीत, आणि वर आमच्या वडिलांच्या अक्षरात "सोपा, १९६८" एवढेच.

मला ती रात्र लख्ख आठवली. मी तेरा वर्षांचा होतो. आण्णा, म्हणजे माझे वडील, गाण्याचे वेडे. त्यांनी मोठ्या खटपटीने एका गायिकेची बैठक आमच्या सोप्यात ठरवली होती. बाई याच घराण्यात शिकलेल्या. त्यांचे नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेल. त्यांची एक अट होती: यंत्र नको. आण्णांनी ती मान्य केली. आणि मान्य केल्यावर परदेशातून आलेल्या एका आप्तांकडून ग्रुंडिगचे टेप-रेकॉर्डर चार दिवसांच्या बोलीवर आणून माजघराच्या पडद्याआड मांडले. तार जाजमाखालून नेली. यंत्रापाशी मला बसवले. माझे आण्णा खोटे बोलणारे नव्हते. गाण्याच्या बाबतीत मात्र ते खोटे बोलले, हे मला तेव्हाही कळत होते. पण मोठ्या माणसांच्या कटात आपल्याला घेतले याचाच आनंद जास्त होता.

चार दिवसांनी यंत्र परत गेले. फीत राहिली, वाजवायला यंत्र नाही, म्हणून डब्यात गेली. १९८३ साली आण्णा वारले. त्यांचा आवाज कुठेही टिपलेला नाही. निदान तशी माझी समजूत होती.

डबा सापडल्यावरही काही वर्षे गेली, कारण वाजवणार कशावर? अखेर या उन्हाळ्यात मिस्त्रींनी कुठूनसे एक मोडके स्पूल यंत्र मिळवले, त्याचे रबरी पट्टे बदलले, डोके स्पिरिटने पुसले, आणि बाजूला एक मोटर बदलून ते चालते केले. फितीवर कोल्हापूरच्या पावसाने बुरशी धरली होती. ती त्यांनी हाताने, वारभर-वारभर करून, मऊ फडक्याने काढली. बाराशे फूट फीत पुसायला त्यांना तीन दिवस लागले. मजुरी विचारली तर म्हणाले, "पहिल्यांदा मी ऐकणार, एवढीच."

वेग सेकंदाला पावणेचार इंच, एका बाजूला चौसष्ट मिनिटे. शनिवारी सारी मंडळी जमली. नातवाने संगणकाला तार जोडली. मिस्त्रींनी कळ दाबली. आधी नुसती खरखर. मग तंबोरे. आणि मग तो आवाज! दाणेदार, स्वच्छ, घाई नसलेला. सावनी होती. गाण्याच्या बाईंनी डोळे मिटले ते उघडलेच नाहीत.

सौभाग्यवती चहाचे तबक घेऊन दारात आल्या. फितीवर बाईंनी एक अवघड जागा घेतली, आणि कुणीतरी अगदी जवळून, हलक्या आवाजात म्हणाले, "वाः!" सौभाग्यवती तबकासकट थांबल्या.

"अगबाई, मामंजी!"

मी चमकलो. मला ओळखू आले नव्हते. सुनेला आले. चार वर्षे त्या सासऱ्यांच्या हाताखाली राहिल्या होत्या. जेवताना आमटी चांगली झाली की ते असेच म्हणत, एवढेच हलके, असे त्यांनी सांगितले. फीत मागे घेऊन आम्ही तो एक शब्द सात-आठ वेळा ऐकला. चहा थंड झाला. त्याबद्दल कुणी कुणाला बोलले नाही.

पुढच्या शनिवारी नातू फीत "साफ" करून घेऊन आला. जॉन लेननने घरी पियानोवर बसून कॅसेटवर टिपलेले एक गाणे होते; पियानो आवाजावर चढलेला. २०२३ साली संगणकाने दोन्ही वेगळे काढले आणि बीटल्सचे नवे गाणे म्हणून ते जगापुढे आले. त्याच जातीची करामत पोराने आमच्या फितीवर केली होती. खरखर गेली, खोकले गेले, भांड्यांचे आवाज गेले. बाई जणू काचेच्या पेटीत बसून गात होत्या. आम्ही माना डोलावल्या.

सौभाग्यवतींनी मात्र विचारले, "मामंजी कुठे गेले?"

नातू म्हणाला, "आजी, संगणकाला ते खरखरीतच वाटले."

आता वाद पेटला. चिटबॉय म्हणाले, "पैल्या फितीत बैलगाडीची घुंगरं हुती आणि कारखान्याचा भोंगा हुता. ह्यात दोन्ही न्हाईत. भोंगा हाय म्हंजे गळीत हंगाम चालू हाय. पंखा ऐकू येत न्हाई, आणि माणसं खोकत्यात म्हंजे थंडी. ही बैठक दिवाळी झाल्यावर, शिमग्याच्या आधी झालीया. तुमच्या साफ फितीवरनं मला सालबी सांगता यायचं न्हाई."

गाण्याच्या बाई म्हणाल्या, "मला दुसरेच खटकते. ती अवघड जागा बाईंनी लागोपाठ दोनदा घेतली आहे. मूळ फितीत मध्ये 'वाः' आहे. दाद मिळाली, म्हणून ती जागा पुन्हा घेतली, थोडी फिरवून. साफ फितीत दाद नाही. मग वाटते, बाईंनी उगीच पुनरुक्ती केली. बैठकीतले गाणे दोघांचे असते हो. त्यातला एक पुसला की दुसऱ्याचे गणित चुकते."

नातू वाकड्यात शिरला नाही. "मग थोडी खरखर राहू द्यावी म्हणता?" एवढेच त्याने विचारले, आणि मूळ मुद्रण तसेच्या तसे जपून ठेवले. चांगला निघेल पोर.

खरा पेच पुढे होता. आम्ही शेवटपर्यंत फीत ऐकली तेव्हा तो निघाला.

त्रेपन्नाव्या मिनिटाला सावनी संपते. तंबोरे पुन्हा जुळवतात. आणि मग बाई बोलतात. गात नाहीत, बोलतात. अगदी शांतपणे: "ते बंद करा आता." क्षणभर काहीच नाही. जाजमाखालची तार त्यांच्या नजरेस आली असावी. मग आण्णांचा आवाज, थोडा ओशाळलेला: "हो बाई."

आणि फीत चालूच राहते. पुढे अकरा मिनिटे. बाई खोकर गातात. हा आमच्या घराण्यातला अनवट राग. त्यांच्या आवाजात तो दुसरीकडे कुठेही मुद्रित झालेला नाही. सावनी उत्तम होती. खोकर त्याहून वरची आहे. एका तानेच्या मध्यावर फीत संपते आणि रिळाचे टोक फडफडते.

सोप्यात कुणी बोलेना. मिस्त्रींनी यंत्र बंद केले.

वकिलांनी घसा साफ केला. "कायद्याचे म्हणाल तर आपण मोकळे आहोत. गाणाऱ्याचा आपल्या गाण्यावरचा हक्क आपल्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आला. १९६८ साली तो नव्हता. खुशाल जगापुढे मांडा. अल्लादिया खाँसाहेबांचे काय झाले ते डोळ्यांपुढे आहे ना? त्यांच्या काळी असा एखादा चोर निघाला असता, तर आज आपण त्याची पूजा केली असती!"

यावर उत्तर सोपे नव्हते. खरोखरच आम्ही पूजा केली असती. पण गाण्याच्या बाई म्हणाल्या, "आण्णांनी 'हो बाई' म्हटले, ते काही कायद्याला म्हटले नाही."

मी काहीच बोललो नाही. कारण माझ्या डोक्यात वेगळेच चालले होते. यंत्रापाशी मी होतो. इतकी वर्षे माझी समजूत होती की, मी कळ दाबली. मला आठवते ते असे: पडदा हलला, आण्णांचा हात आत आला, आणि त्या हाताने काहीतरी खूण केली. ती खूण "थांबव"ची होती की "चालू दे"ची? आण्णांनी बाईंना फसवले, की मी आण्णांना? की मी पेंगत होतो आणि मला काहीच कळले नाही? फितीवर घुंगरे आहेत, भोंगा आहे, खोकला आहे. हाताची खूण मात्र फितीवर उमटत नाही. त्या एका खुणेवर माझ्या वडिलांचा शब्द अवलंबून होता, आणि तिचा एकमेव साक्षीदार मी; आणि मी विसरलो होतो.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी गाण्याच्या बाईंना म्हटले, "त्यांचे कुणी आहे का, शोधा."

एक मुलगी होती. बेळगावला असते, स्वतः गाते, शिकवते. फोनवर मी सारे सांगितले; माझ्या वडिलांनी दिलेला शब्द आणि पडद्याआडचे यंत्र, काही लपवले नाही. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "मी येते."

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी त्या आल्या. पासष्टीच्या घरातल्या, साध्या, करारी बाई. आम्ही सारे शाळेत परीक्षेला बसल्यासारखे बसलो होतो. त्यांनी साफ केलेली फीत दोन मिनिटे ऐकली आणि विचारले, "ऐकणारे कुठे गेले?" मग मूळ फीत लावली. त्रेपन्न मिनिटे त्या हलल्या नाहीत. "ते बंद करा आता" आले तेव्हा त्या किंचित हसल्या.

"आई प्रत्येक बैठकीत असे म्हणायची. आणि एकदा म्हणून झाले की त्या बाजूला पुन्हा बघायची नाही."

वकील एकदम पुढे सरकले. "म्हणजे ताई, त्यांची मूक संमती होती म्हणायची!"

"नाही," त्या म्हणाल्या. "घरच्या यजमानांनी 'हो' म्हटले की ते झाले, असे ती धरून चालायची. पुन्हा वळून बघणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे."

वकील मागे सरकले. मला मात्र आता गप्प राहणे शक्य नव्हते. मी म्हणालो, "ताई, यंत्रापाशी मी होतो. कळ मी दाबायची होती."

"किती वर्षांचे होता?"

"तेरा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नाही, पण "जाऊ द्या हो" असेही त्या म्हणाल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. "मला पुढचे एकदा ऐकवा," एवढेच म्हणाल्या.

खोकर ऐकताना मात्र त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. बोटे मांडीवर मात्रा मोजत होती. तान अर्ध्यावर तुटली, फीत फडफडली, आणि ती तान त्यांनी स्वतः पुरी केली. अगदी हलक्या आवाजात, समेपर्यंत. चिटबॉयनी हात जोडले.

मग त्यांनी निवाडा दिला. पहिली त्रेपन्न मिनिटे एखाद्या संग्रहालयाला द्यावीत, शिकणाऱ्या मुलांसाठी, साफ न करता. शेवटची अकरा मिनिटे पुसायची नाहीत आणि वाजवायचीही नाहीत. ती त्या घेऊन जातील, आमच्याकडे प्रत राहणार नाही.

"पण खोकर मग गेलाच!" मिस्त्रींच्या तोंडून निघून गेले. तीन दिवस फडक्याने फीत पुसणारा माणूस तो. त्याचा जीव तुटणारच.

"जाईल कसा? आईने मला दिला आहे. माझ्याकडे दोन मुली शिकतात, त्यांना देईन. तुम्हाला ऐकायचा असेल तर बेळगावला या. नाहीतर त्यांना इथे बोलवा. फक्त यंत्र नको." आणि त्या हसल्या, तशाच, किंचित.

मूळ फीत कापायची नव्हती. ती डब्यासकट त्यांच्या हवाली करायची होती. संग्रहालयासाठीची प्रत तेवढी संगणकावर तोडायची होती. नातवाने विचारले, "कुठे थांबवू? 'ते बंद करा'च्या आधी?"

मला वाटले, त्या हो म्हणतील. घरातली लाज घरात राहील. पण त्या म्हणाल्या, "नाही. यजमानांचे 'हो बाई' झाले की, त्यानंतर."

म्हणजे आता ती प्रत जो कुणी ऐकेल, त्याला बाईंनी बंद करा म्हटलेले ऐकू येईल, आमच्या आण्णांनी हो म्हटलेले ऐकू येईल, आणि लगेच गाणे थांबेल. आण्णांनी शब्द पाळला असेच तो समजेल. ते खरे होते की नाही मला ठाऊक नाही. पण यापुढे तरी ते खरे राहील.

नातवाने पडद्यावर बोट दाखवले आणि खुर्चीवरून उठला. "आजोबा, तुम्ही बसा. इथे दाबायचे."

मी बसलो. सावनी संपली. तंबोरे जुळले. बाई बोलल्या. आण्णा बोलले.

मी कळ दाबली. सत्तावन्न वर्षे उशीर झाला होता, पण दाबली.

आतून सौभाग्यवती चहा घेऊन आल्या. कप मोजले. सात होते.